बबनची थप्पी

आमच्या फुटबॉल क्लबातले चार म्हातारे चहाला बसले की जिंकलेल्या मॅचेस दोन मिनिटांत सांगून होतात. हरलेल्यांचे किस्से मात्र दरवर्षी वाढतच जातात!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. द्वारका चौकाजवळ मैदान, बांबूचे गोलपोस्ट आणि बॉल एकच. तो एकदा उडाला तो थेट हायवेवरच्या रिकाम्या टेम्पोत! टेम्पोवर पिंपळगाव बसवंत लिहिलेलं. आमचे कोच शिंदेसर म्हणाले, "बॉलशिवाय तोंड दाखवू नका."

मी आणि कॅप्टन साळवे लाल डब्याने पिंपळगावला गेलो. टेम्पो कांद्याच्या खळ्यावर सापडला. ड्रायव्हरने वैतागून बॉल भिरकावला. ट्रकवर गोण्या झेलून मागे थप्पी लावणाऱ्या हमालाने तो एका हातात झेलला, तोही न बघता! साळवे माझ्या कानाला लागला, "बॉल राहू दे, आधी हा माणूस घे."

असा आम्हाला बबन गोलकीपर मिळाला.

*

पहिल्या मॅचला बबनने पहिलाच शॉट झकास झेलला. टाळ्या पडल्या. मग तो वळला आणि बॉल अलगद मागे ठेवला. गोलच्या आत! दुसराही तसाच. तिसरा ठेवताना तर त्याने जागासुद्धा साफ करून घेतली.

सर किंचाळले, "अरे, मागे काय ठेवतोस?"

"मंग थप्पी फुडं लावू का, सर?"

*

सरांनी अक्कल लढवली. बबन वळू नये म्हणून दोरीने त्याची कंबर गोलपोस्टला बांधली. पुढच्या मॅचला बबन वळला, त्याच्याबरोबर बांबूही वळला. आम्ही पाच-शून्यने हरलो.

*

मैदानाचे मालक अण्णा आमच्या हरण्याला कंटाळले होते. म्हणाले, "या मोसमात एक तरी मॅच जिंका, नाहीतर मैदान क्रिकेटवाल्यांना देतो." दुसरं मैदान आम्हाला कोण देणार?

शेवटची मॅच. साळवेने एक गोल केला आणि आम्ही बबनकडे बॉलच न जाऊ देता कशीबशी शेवटची मिनिटं गाठली. तेवढ्यात समोरून जोरदार शॉट आला. बबनने झेलला. आणि वळायला लागला! मी डोळेच मिटले.

सर बेंबीच्या देठापासून ओरडले, "बबन, गाडी भरली!"

बबन जागीच थांबला. बॉल बगलेत मारला, टॉवेलने तोंड पुसलं आणि मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसला. रेफरी मागोमाग धावला.

बबनने बाकावर त्याला जागा करून दिली. "बसा सायेब. गाडी भरली."

रेफरीने घड्याळ पाहिलं. तिथूनच मॅच संपल्याची लांब शिट्टी मारली आणि टपरीवाल्याला म्हणाला, "माझ्यात साखर कमी."