लग्नपत्रिकांचे कपटे

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांच्या उजव्या हातातली ताकद गेली होती. बोटांना व्यायाम म्हणून कागद फाडायला द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढून दिल्या. रोज दुपारी खिडकीशी बसून बाबा त्यांचे लाल-पिवळे कपटे करत. कागद फाटतानाचा तो बारीक आवाज घरभर ऐकू येई.

आईचा वाढदिवस जवळ आला, तेव्हा ते कपटे मला टाकवेनात. मी मैद्याची खळ शिजवली आणि एका पत्रिकेची कोरी बाजू वर करून बाबांपुढे ठेवली.

"आईसाठी भेटकार्ड करू या?"

बाबा नुसते हसले. त्यांनी आईला कधी साधा गजराही आणला नव्हता. पण त्या दिवशी तासभर खपून ते एकेक कपटा चिकटवत राहिले. त्याचं फूल झालं की सूर्य, मला कळलं नाही. मग त्यांनी पेन मागितलं आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'सुमन'.

इतकी वर्षं आईला ते 'अगं' म्हणूनच हाक मारत आले होते. काही शब्द ओठांवर यायला लाजतात. हातांना काम मिळालं की त्यांनाही वाट सापडत असावी.

वाढदिवसाच्या सकाळी आई ते कार्ड बराच वेळ पाहत राहिली.

"माझं नाव लक्षात आहे म्हणायचं तुमच्या," ती हळूच म्हणाली.

बाबांनी मान हलवली. आई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. दोघांचाही चहा निवून गेला.