चाचांची अडलेली दुआ

माझ्या वडिलांचं लातूरला कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या ओट्यावर चाचांचं शिलाई मशीन. गिऱ्हाईक आत कापड फाडून घ्यायचं आणि बाहेर येऊन ओट्यावरच माप द्यायचं. वडिलांना आम्ही घरातले अप्पा म्हणायचो, म्हणून चाचाही त्यांना अप्पाच म्हणत. अप्पा चाचांना मास्टर म्हणत.

दुपारी गिऱ्हाईक थांबलं की दोघांचा वाद सुरू होई. अप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. चाचा पाच वेळचे नमाजी.

"मास्टर, तुमचा अल्ला चारी दिशेला हाय म्हन्ता. मग तोंड एकीकडंच कशापायी करता?"

"अन् अप्पा, तुमचा देव तर तुमच्या गळ्यातच हाय. मंग सोमवारी देवळात कोनाला भेटाया जाता? पाव्हन्याला?"

अप्पा हसून पानाचा डबा पुढे सरकवत. मी तेव्हा नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. सुट्टीत घरी आले की ओट्यालगत पुस्तक घेऊन बसायचे. "तू शिकलेली हाईस, तू सांग," असं दोघंही म्हणत. मी कधी निकाल दिला नाही. पुस्तकं पुष्कळ वाचली होती, पण त्या दोघांपैकी कुणाला हरवावं असं मला कधी वाटलं नाही.

लातूर नुकताच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला होता. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या. बदलून आलेल्या कारकुनांना पँटी शिवून हव्या असत, त्यामुळे चाचांचं मशीन थांबत नसे. पाऊस मात्र पुन्हा रुसला होता. "उस्मानाबादहून फायली आल्या, सायेब आले, पानी तेवढं तिकडंच राह्यलं," असं अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुढच्या उन्हाळ्यात एका पहाटे ते झोपेतच गेले.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मृताला बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात, बेल आणि विभूती वाहतात. जमीन इतकी वाळली होती की खड्डा खणणाऱ्यांना पहारी घ्याव्या लागल्या. सगळं झाल्यावर एकेकानं पुढे होऊन मूठभर माती टाकली. चाचाही पुढे आले. त्यांनी पहिली मूठ टाकली. दुसरी घेतली आणि ते तसेच उभे राहिले. मूठ आवळलेली, ओठ अर्धवट उघडे. मागची माणसं थांबली. शेवटी माझ्या भावानं त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्यांनी ती माती हळूच कडेला सोडली आणि ते बाजूला झाले.

त्यांना रडू आवरत नसेल, असं मला वाटलं.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. माणूस लिंगैक्य झाला, शिवाला मिळाला, मग विटाळ कसला? तिसऱ्या दिवशी भावानं दुकान उघडलं. ओट्यावर मशीन होतं, त्यावर झाकण होतं, पण चाचा नव्हते. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. दोन कारकून पँटीसाठी चौकशी करून गेले. मला घरात करायला काही उरलं नव्हतं. रात्री झोप येत नव्हती, दिवसा वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. मी चाचांच्या घरी गेले.

ते पलंगावर बसलेले होते. चाचींनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "देख बेटा, चार दिन से ऐसेच बैठे हैं. ना खाना, ना बात. घर में टेलर रख के मेरी कुर्ती अभी तक बिना बाही की है!"

चाचांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "बेटा, मेरे से एक गडबड हो गई."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या कब्रस्तानात तीन मुठी माती टाकतात आणि दर मुठीला काही शब्द म्हणायचे असतात. मातीतून आलो, मातीत जाणार, मातीतूनच पुन्हा उठणार, अशा अर्थाचे. आयुष्यभर इतक्या जणांना माती दिली की मूठ भरली की शब्द आपोआप येतात. अप्पांच्या वेळी पहिल्या मुठीबरोबर ते आलेच. दुसरी मूठ घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे आपलं कब्रस्तान नाही. पुढं म्हणावं तर हक्क आहे की नाही ठाऊक नाही, आणि अर्ध्यावर सोडावं तर दोस्ताला अर्ध्यावर सोडल्यासारखं.

मला वाटलं, अप्पांना जाळलं असतं तर चाचांवर ही वेळ आली नसती. आमचं आणि त्यांचं इतकं सारखं होतं, म्हणूनच त्यांचा हात चुकला.

"मौलवीसाबांना विचारलं," चाचा म्हणाले. "भला माणूस हाय. मला म्हणाले, निकल गए मुंह से तो निकल गए, अल्लाह नीयत देखता है. पर जो आपल्या दीनमधे, आपल्या धर्मात नव्हता, त्याच्यासाठी मरणानंतर माफी मागायची इजाजत न्हाई. त्याची भलाई याद करा, हिशेब अल्लाहवर सोडा." ते थांबले. "पर बेटा, मेरा दिल नहीं मानता. तीस साल का साथ, और मैं उसके लिए दो लफ्ज नहीं मांग सकता? तू तुमच्या स्वामींना विचार. तुमच्यात मला काही म्हणता येतं का?"

आमचे जंगम स्वामी दुसऱ्या दिवशी प्रसादाला, म्हणजे जेवायला, घरी आले, तेव्हा मी विचारलं. ते वयस्कर होते, सावकाश बोलत. म्हणाले, "त्यांना सांगा, मागायचं काहीच उरलं न्हाई. अप्पा पोचले. पोचलेल्याला तिकीट कशाला काढायचं?"

मी हे चाचांना जाऊन सांगितलं. 

"म्हंजे आमच्यात मागता येत न्हाई, अन् तुमच्यात मागायची गरज न्हाई."

"हो."

"मग मी ह्या हातांचं करू काय?" असं म्हणून त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. कात्रीनं अंगठ्याला पडलेला घट्टा दिसत होता. 

त्या रात्री मी अप्पांच्या फळीवरची पुस्तकं काढून बसले. आमची होती, त्यांच्या धर्माबद्दलचीही दोन होती. चाचांशी वाद घालायला अप्पांनी ती घेतली असावीत, कारण जागोजागी पेन्सिलीच्या खुणा होत्या. बराच वेळ वाचलं. मेलेल्याचं काय होतं, तो कुठं जातो, त्याला काय पोचतं आणि काय नाही, याबद्दल सगळ्यांकडे उत्तर होतं. दिवा मालवताना माझ्या लक्षात आलं की मौलवीसाहेब अप्पांबद्दल बोलत होते आणि स्वामीही अप्पांबद्दलच. झोप मात्र उडाली होती ती चाचांची आणि माझी. आम्ही दोघं तर जिवंत होतो.

सकाळी मी चाचांकडे गेले. म्हटलं, "चाचा, अप्पांसाठी नका मागू. माझ्यासाठी मागता येईल का? मी तुमच्या दीनमधली नाही, पण अजून जिवंत आहे."

 चाचा टोपी घालून उठले. "थांब. विचारून येतो. पुन्यांदा गडबड नको."

दुपारी ते ओट्यावर आले, कितीतरी दिवसांनी. चेहरा उजळला होता. "मौलवीसाब हौ म्हणाले. जिंदा आदमी के लिए सबर मांगो, धीर मांगो, सेहत मांगो, कुच्छ बी अच्छा मांगो. वर मलाच म्हणाले, ये पहिले क्यों नहीं पूछा?"

त्यांनी मशीनचं झाकण काढलं नाही. दुकानाच्या उंबऱ्याशी बसले, मला समोर बसायला सांगितलं आणि हात उचलले. भाऊ आत गादीवर होता. तोही मापपट्टी हातात घेऊन थांबला.

"या अल्लाह, इस बच्ची को सबर दे. इसका बाप गया. कैसा बाप था, तुझे तो मालूम है."

अल्लाला माहीत आहे म्हणाले खरं, पण मग त्याला सगळं सांगत बसले. अप्पा कापड कधी बोटभरही कमी फाडत नसत. ईदच्या आधीच्या गर्दीतही नमाजची वेळ झाली की गिऱ्हाइकाला म्हणत, मास्टर येतील, बसा, पाणी प्या. चाचांची मुलगी आजारी होती तेव्हा अप्पा रात्रभर दवाखान्यात बाकावर बसून राहिले होते. हे आम्हाला घरी माहीतच नव्हतं. जिद्दी लई होते, कुणाचं ऐकत नसत. "मेरी तो एक नहीं सुनी उसने," चाचा म्हणाले. माझ्यासाठीची ती दुआ, पण तिच्यात मी सुरुवातीला एकदाच आले.

शेवटी ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

"आमीन म्हणायचं असतं," ते हळू म्हणाले.

मी म्हटलं. आतून भावानंही म्हटलं. चाचांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, डोळे पुसले आणि भावाकडे वळून विचारलं, "त्या कलेक्टर ऑफिसवाल्याची खाकी पँट कुठं ठिवली रे? कितीदा येऊन गेला?"

ती दुआ कुणाला पोचली, ते मला कळलेलं नाही. पुस्तकांत शोधायचंही मी सोडून दिलं. पुढं बरीच वर्षं मी नांदेडहून सुट्टीला आले की पहिल्या दुपारी चाचा मला उंबऱ्याशी बसवत आणि माझ्यासाठी सबर मागत. दुआ दर वेळी थोडी लांबत गेली, कारण त्यांना अप्पांचं काही ना काही नवं आठवायचं.