मधलं कार्ड

"मधी कुणीतरी लागतंय, गड्या," असं म्हणत अण्णा दोन कार्डांच्या मधे बोट घालून बसायचे. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात ते हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली. असा हेडक्लार्क तुम्हीही पाहिला असेल. काम चोख, आणि चेहरा कायम दाढ दुखत असल्यासारखा.

दिवाळीला सभासदांना साखर मिळायची. त्यांची कार्डं अकारविल्हे लागायची आणि त्याच क्रमाने माणसं रांगेत उभी राहायची. त्यात दगडू आणि दत्तू हे सख्खे भाऊ. आडनाव एक, बाप एक, पण बांधावरून एकदा कोयते निघालेले. म्हणून अण्णांनी दोघांच्या मधे त्यांच्या चुलतीचं, हौसाबाईचं कार्ड खुपसलं होतं. म्हातारीच्या जिभेपुढे कोयता काय टिकणार!

"अण्णा, 'द'मध्ये 'ह' कसा?" मी एकदा विचारलं.

"तुला बाराखडी पायजे का शांतता?"

पुढे साहेबांनी यादी पुण्याला पाठवली, संगणकावर लावून घ्यायला. यंत्र पहिलं अक्षर बघतं, ते सारखं असलं तर दुसरं, मग तिसरं. कोण कुणाशी बोलत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. यादी बिनचूक आली. दगडूखाली दत्तू, आणि हौसाबाई त्या आडनावाच्या पार शेवटी.

"यंत्र चुकत नाही," साहेब म्हणाले.

"न्हाई चुकत, साहेब. त्योच तर घोर हाय."

साखरेच्या दिवशी अण्णा टेबल सोडून उठले आणि दोघा भावांच्या मधे जाऊन उभे राहिले. सभासद नसताना, हातात रिकामी पिशवी घेऊन.

"आवं अण्णा, तुमी हितं?" दत्तूने विचारलं.

"उभा हाय. दिसत न्हाई व्हय?"

दगडू डोळे वटारून मागे वळला, तर समोर अण्णांचा चष्मा. रांग निमूट पुढे सरकली. मग दर दिवाळीला हेच चाललं. मला अण्णा फार आवडायचे, पण त्यांना तोंडावर तसं सांगायची सोय नव्हती.

एका पावसाळ्यात अण्णा वारले. त्या दिवाळीला मी धास्तावून खिडकीतून रांग बघत होतो. दगडू पुढे, दत्तू मागे. मधे एका माणसाची जागा मोकळी.

"सरका की रं फुडं!" मागून कुणीतरी ओरडलं.

दत्तू जागचा हलला नाही. दगडूनेच, मागे न बघता, सांगितलं, "अण्णा हायती मधी."