नाव न घेता

पाळकीणबाईंच्या घरात दार लागणारी खोली एकच, कोठीची. बाकी सगळीकडे पडदे. मिशनचं घर सर्वांना उघडं असावं, असं त्यांना एवढ्या लांब परक्या देशात पाठवणाऱ्या मंडळीचं म्हणणं होतं, आणि पाळकसाहेबांना ते मनापासून पटलेलं होतं. सकाळी बाई दात घासत व्हरांड्यात आल्या की बाकावर कुणीतरी बसलेलंच असे. कुणाला दवाखान्यात ओळख हवी, कुणाला शाळेत प्रवेश, कुणाला नुसताच चहा. बाई तोंडातला फेस गिळून हसत. हसण्याची इतकी सवय झाली होती, की गाल दुखायला लागले तरच आपण हसतोय हे त्यांना कळे.

कपडे मायदेशातून खोक्यांत येत, लोकांनी वापरून टाकलेले. एका उन्हाळ्यात खोकंभर लोकरी मोजे आले. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. साहेबांनी दोन्ही मुलांना ते मोजे घालून उभं केलं, फोटो काढला आणि आभारासह पाठवून दिला. त्यामुळे पुढच्या वर्षी आणखी मोजे आले.

घरातलं काही वाया जात नसे. उरलेलं अन्न बाई दुसऱ्या दिवशी संपवत, आणि उरलेली भांडणं साहेब रविवारी. उपदेशाला त्यांना घरचंच उदाहरण लागे. धाकट्याने डब्यातली साखर चोरली, ती मोहाच्या विषयाला उपयोगी पडली, मग कितीतरी दिवस किराणावाला त्या पोराला विचारायचा, "काय साहेब, साखर देऊ का पुडीत?" बाईंची आई तिकडे वारली आणि यांना जाता आलं नाही, तो रविवार त्यागाचा होता. उपासना संपल्यावर शिंपीणबाईंनी बाईंना मिठी मारली होती. म्हणाल्या होत्या, "किती छान रडवलं हो साहेबांनी आज."

यावर बाईंनी स्वतःपुरता एक उपाय काढला होता. कुणी काही विचारलं, की त्या म्हणत, "देवाच्या कृपेने सगळं छान आहे." घरी साहेबांनी विचारलं तरी हेच.

थोरली हॉस्टेलमधून सुट्टीला आली ती उंच होऊन आली. पोरगी पहिल्यापासून अबोल. पण बाई कोठीत पीठ चाळायला बसल्या, की ती मागून येऊन दार लावून घ्यायची आणि पत्र्याच्या डब्यावर बसायची. साहेबांना पिठाने शिंका येत, म्हणून ते तिकडे फिरकत नसत.

"आई, तुला एक सांगू?" ती म्हणाली. "मला प्रार्थनेत काहीच वाटत नाही. डोळे मिटले की नुसता अंधार दिसतो. कुणी नसतंच तिथे."

बाईंची चाळणी थांबली. "कधीपासून?"

"बरेच दिवस. हॉस्टेलमध्ये सगळ्या रडतात, म्हणून मीही रडते. फार सोपं असतं ते. हे बघ." तिने डोळे मिटले. आधी खालचा ओठ थरथरला, मग खांदे हलले, आणि खरंच पाणी आलं. मग एक डोळा उघडून तिने आईकडे बघितलं. बाईंना हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून त्या हसल्या, आणि हसता हसता बोलून गेल्या, "माझंही कधीकधी तसंच होतं गं."

"खरंच?"

"खरंच. मग मी मनातल्या मनात बाजाराची यादी करते."

थोरली डबा ओढून जवळ सरकली. मग म्हणाली, "पपांना सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. मला उदाहरण नाही व्हायचं."

"नाही होणार तू उदाहरण."

"शब्द दे."

बाईंनी पिठाचा हात तिच्या हातावर ठेवला. त्या दिवशी त्या दुपारभर गुणगुणत होत्या. या घरात कुणीतरी आपल्याला काहीतरी आपल्यापुरतं सांगितलं, याचंच त्यांना अप्रूप होतं.

गुरुवारी बायकांची प्रार्थनासभा असे. गोल बसायचं, प्रत्येकीने आपला विषय सांगायचा, मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. लाजेची गोष्ट असेल तर नाव घ्यायचं नाही, 'एक बहीण आहे' एवढंच म्हणायचं. त्या गुरुवारी कंपाउंडरची बायको म्हणाली, "एक बहीण आहे. तिचा नवरा हात उचलतो." तिचा स्वतःचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. सगळ्यांनी माना खाली घालून त्या कुठल्याशा बहिणीसाठी प्रार्थना केली.

"बाई, तुमचा विषय?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"देवाच्या कृपेने सगळं छान आहे."

"तुमचं बरं आहे. आमच्याच घरांना काय झालंय, कुणास ठाऊक."

"पाळकांच्या घरी शिरायचं तर सैतानाला पण नंबर लावावा लागत असेल," नर्सबाई म्हणाल्या. बायका हसल्या.

कंपाउंडरची बायको तेवढी हसली नाही. तिने उघड्या असलेल्या एका डोळ्याने बाईंकडे बघितलं. त्यात राग नव्हता. दुकानाच्या काचेतून आतल्या वस्तूकडे बघावं, तसं बघितलं.

ते बाईंना सोसवलं नाही. "एक मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "तिला प्रार्थना करवत नाही. डोळे मिटले की नुसता अंधार दिसतो, म्हणते."

 मग कुणीतरी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी त्यांचा हात हातात घेतला. शिंपीणबाई सरकून जवळ बसल्या. इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदा खऱ्या अर्थाने त्या गोलात बसल्या होत्या. त्यांना ते आवडलं. पुढे सगळ्यात जास्त तेच टोचत राहिलं.

नाव न घेण्याचा अर्थ त्यांना माहीत नव्हता असं नाही. सुजलेला डोळा समोर दिसत असताना त्याही मान खाली घालत आल्या होत्याच. पण बायकांनी आपल्यापुरती तेवढी सोय ठेवली आहे, आणि ती आपल्यालाही मिळेल, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. पाळकाच्या बायकोला ती मिळत नाही, हे रविवारी कळलं.

"आज मी पाळक म्हणून नाही, बाप म्हणून उभा आहे," साहेब म्हणाले. "माझ्या घरातलं एक लेकरू डोळे मिटतं, तेव्हा त्याला नुसता अंधार दिसतो."

थोरली पुढच्या बाकावर होती. खोक्यातून आलेला, बाह्यांना आखूड झालेला फ्रॉक घालून. तिने वडिलांकडे बघितलं नाही. मान वळवून आईकडे बघितलं, आणि बाईंनी नजर खाली घेतली.

साहेबांनी तिला पुढे बोलावलं. मंडळीतले वडीलधारे उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. साहेबांचा आवाज कापत होता, आणि तो खराच कापत होता. थोरलीने डोळे मिटले. आधी खालचा ओठ थरथरला. मग खांदे हलले.

"मला उजेड दिसला," ती म्हणाली.

"आमेन," सगळे म्हणाले. शिंपीणबाई हुंदके देत होत्या. बाईंनी तेवढं आमेन म्हटलं नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शिंपीणबाई आल्या होत्या काळजीने. तू मला का नाही सांगितलंस, हा खरा प्रश्न आहे."

"तिने सांगू नको म्हटलं होतं."

साहेब टाय सोडता सोडता थांबले. त्यांना खरंच काही कळेना. "मग गुरुवारी तूच कशी बोललीस? तू बारा जणींसमोर सांगितलंस ते प्रेम, आणि मी सांगितलं तो गुन्हा?"

 व्हरांड्यात कुणीतरी चहासाठी खोकलं, त्या उठल्या.

सुट्टी उरली होती तोवर थोरली फार चांगली वागली. जेवणाआधी स्वतःहून प्रार्थना म्हणू लागली, आणि ती इतकी सुरेख म्हणे, की पाहुण्यांसमोर साहेब तिलाच म्हणायला सांगत. व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यांना पाणी नेऊन देई. शिंपीणबाई म्हणत, "पोर कशी बदलली बघा." कोठीकडे मात्र ती फिरकली नाही.

जायच्या आदल्या दिवशी बाईंनी तिला तिथे हाक मारली. ती आली, दारातच उभी राहिली. बाईंनीच पुढे होऊन दार ओढून घेतलं. पत्र्याचा डबा फडक्याने पुसला.

"बस ना."

ती बसली नाही.

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं गं," बाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे."

"मग बोल ना काहीतरी. तुझ्या मनात काय आहे ते. शिव्या दे हवं तर."

थोरली हसली. गालांना रग लागेल, तसलं ते हसू बाईंनी आरशात अनेकदा बघितलं होतं.

"देवाच्या कृपेने सगळं छान आहे, आई," ती म्हणाली. मग तिने आईच्या हातातली चाळणी अलगद काढून खुंटीला लावली आणि दार उघडलं. "बाहेर चौघं आलेत. चहा टाकू ना सगळ्यांना?"