म्हशीशेजारची मोटारसायकल

जुनी मोटारसायकल घरच्या घरी दुरुस्त करायला घेतली की दोन गोष्टी साठत जातात. उरलेले नट आणि किस्से. नटांसाठी आमच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. किश्श्यांना डबा पुरत नाही, म्हणून ते असे कुणाला तरी सांगून टाकावे लागतात!

आमचं मंडळ तिघांचं. मी कचेरीतला क्लार्क. जोशी सर हायस्कूलमध्ये तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. आणि तिसरा कसबा बावड्याचा बापू. उसाचा, म्हशींचा आणि मुख्य म्हणजे गोठ्यातल्या मोकळ्या कोपऱ्याचा मालक. दर रविवारी सकाळी त्या गोठ्यात जमायचं. नियम एकच, मेकॅनिककडे जायचं नाही. जो जाईल त्यानं बाकीच्यांना मिसळ घालायची. आजवर मिसळ कुणी घातलेली नाही आणि गाडीही फारशी कुठली सुरू झालेली नाही.

यंदा घेतली ती बापूच्या वडिलांची गाडी. त्यांना सगळे आबा म्हणतात, पंच्याहत्तरीचे आहेत. अकरा वर्षांपूर्वी हुपरीहून येताना आबा गाडीवरून पडले, पाय मोडला, तीन महिने खाटेवर होते. पाय जुळला आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून ती म्हशीशेजारी उभी. दर दसऱ्याला आबा तिला धुऊन हार घालायचे.

यंदा मात्र त्यांनी बापूला बोलावून सांगितलं, "ह्या दसऱ्याला हार घालणार तो चालत्या गाडीला. न्हाय सुरू झाली तर त्याच दिवशी भंगारवाल्याला बोलवायचं."

"आवं आबा, अकरा वर्षं घालताय की हार!"

"म्हणूनच! बंद पडलेल्याला हार घालायची सवय लागली घराला, की उद्या समदी माझ्याकडं बघाय लागतील!"

बापूनं आम्हाला हे हसत हसत सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "रोज सांच्याला सीट पुसत्यात आणि तिथंच उभं राहत्यात. मी धारा काढत बघत असतो. लई वंगाळ वाटतंय, सर." सरांनी पाना उचलला.

दसऱ्याला नऊ रविवार होते.

*

पहिला रविवार सरांच्या तासात गेला. "इंजिनाची कामं चार," सर म्हणाले. "आत घ्या, दाबा, पेटवा, बाहेर टाका. यातलं एक जरी अडलं तरी गाडी सुरू होणार नाही. आपण शास्त्रीय पद्धतीनं, क्रमानं जायचं!"

बापू म्हणाला, "सर, म्हशीचंबी तसंच हाय. फकस्त पेटवायचं तेवढं न्हाय."

क्रमानं जाण्याआधी सरांना गंजलेला सायलेन्सर सहन होईना. ते तो सोडवायला बसले. इतक्यात बापूची आई चहा घेऊन आली. त्यांना सगळे आक्का म्हणतात.

"कशाला सोडवताय त्येला, सर? जाग्यावरच घासा की. मी चुलीतली राख देती."

सरांनी तो जाग्यावरच घासला. इतका लखलखीत केला की त्यात बघून बापूनं मिशी विंचरली. मग सरांनी जाहीर केलं, "सायलेन्सरला कुणी हात लावायचा नाही. बोटांचे ठसे उमटतात!"

*

कार्बोरेटर माझ्या वाट्याला आला. लिंबाच्या पाण्यात उकळला की आतली घाण सुटते, असं एका व्हिडिओत बघितलं होतं. बायको बाजारात गेली होती. मी तिचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं, चार लिंबं पिळली, कार्बोरेटर आत सोडला आणि वर झाकण ठेवलं.

त्याच दिवशी आजऱ्याहून सासूबाई आल्या, डोक्यावर घरच्या तांदळाची पिशवी घेऊन. "काय शिजालंय, जावयबापू?" म्हणत त्यांनी झाकण उचललं. आत काळं लोखंड रटरटत होतं. सासूबाईंनी बराच वेळ बघितलं, झाकण परत हळूच ठेवलं आणि बायको आल्यावर तिला बाजूला घेऊन विचारलं, "व्हय गं, पगार येतोय न्हवं यांचा येळेवर?"

जाताना त्या तांदळाबरोबर डाळही ठेवून गेल्या!

*

इंजिन उघडलं, पुसलं, परत बंद केलं. पोत्यावर तीन वॉशर आणि एक स्प्रिंग उरली.

"या वस्तू जास्तीच्या असणार," सर म्हणाले.

"मग इतकी वर्षं आत काय कराल्त्या?" बापूनं विचारलं.

सरांनी पुन्हा सगळं उघडलं. तिन्ही वॉशर बसवले, स्प्रिंग बसवली, बंद केलं. या वेळी पाच वस्तू उरल्या!

आबा काठी टेकत येऊन हे सगळं बघत होते. म्हणाले, "असंच चालू ठेवा. अजून चार रविवारात दुसरी गाडी तयार हुतीया!"

*

मग ठिणगी बघायची होती. प्लग काढून इंजिनाला टेकवून धरायचा आणि किक मारायची. धरणार कोण, यावर चर्चा झाली. सरांनी विजेचे नियम सांगितले आणि चार पावलं मागं सरकले. बापूनं धरला. मी किक मारली.

ठिणगी उत्तम होती. ती बापूच्या कोपरापर्यंत गेली! बापूनं अशी काही आरोळी ठोकली की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं आणि थेट उसात शिरली. तिला आणायला दुपार झाली. त्या संध्याकाळी तिनं दूध दिलं नाही, पुढं आठवडाभरही नाही.

पुढच्या रविवारी आक्कांनी चहाचे कप ठेवले. चहा कोरा होता.

"गाडी सुरू हुईना ती हुईना," त्या म्हणाल्या, "चालू म्हस तेवढी बंद पाडलासा!"

तेवढं बोलून त्यांनी आत जाऊन गरमागरम थालीपीठं आणली. हे एक नवल होतं. दर रविवारी जाताना आक्का विचारायच्या, "झाली का सुरू?" आम्ही खाली मान घालून "नाही" म्हणायचो, की पुढच्या रविवारी नाष्टा आणखी झकास! सर म्हणायचे, "माउली आहे हो. आपलं दुःख कळतं तिला."

*

आठव्या रविवारी ठरलं, ढकलून सुरू करायची. रस्त्यावर आणली. बापू वर, मी आणि सर मागं. गाडी नुसती हुंदके द्यायची आणि थांबायची. बापू मात्र खूश होता. "कॉम्प्रेशन बघा कसलं दांडगं हाय! रेटाय लागलं की इंजिनच आडवं येतंय!"

मागून एक स्कूटरवाला आला. "काय पावणं, पेट्रोल संपलं?"

"न्हाय, न्हाय, तसं न्हाय…"

"लाजताय कशाला? आमचंबी संपतंय की! बसा गप!" त्यानं आमच्या फूटरेस्टवर पाय टेकवला आणि बापूला गाडीसकट दोन किलोमीटर ढकलत पंपावर नेऊन सोडलं. वर हात हलवून गेलासुद्धा! बापूला एवढ्या उपकारापुढं खरं सांगवेना. त्यानं रांगेत उभं राहून टाकीचं झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली. पंपावरच्या माणसानं टाकीत बघितलं, बापूकडं बघितलं.

"दर्शन घ्यायला आलायसा काय?"

गाडी परत ढकलत आणताना कुणी हसलं नाही. आता एकच रविवार उरला होता. तोही तसाच गेला.

*

दसऱ्याच्या सकाळी अंगणात गाडी उभी केली. आबांनी नवा फेटा बांधला होता. पाटावर हार, नारळ, हळदकुंकू. फाटकाबाहेर भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबलेला, कारण आबा बोलले म्हणजे बोलले.

बापूनं किक मारली. मग मी मारली. सरांनी धोतर सावरून मारली. पुन्हा बापूनं. अर्धा तास झाला. बापूचा शर्ट घामानं चिंब झाला, डोळेही ओले झाले होते, ते तो बाहीनं पुसायचा आणि परत किक मारायचा. शेवटी आबाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे पोरा. लई केलासा तुमी."

त्यांनी हँडलवरून एकदा हात फिरवला, टाकीवरून फिरवला. मग हार उचलून परत पाटावर ठेवला आणि फाटकाकडं बघून हात केला. भंगारवाला आत आला. आबा पाठ फिरवून तुळशीकडं तोंड करून उभे राहिले.

आक्का घरापुढच्या सोप्यात उभ्या होत्या. त्या आबांच्या पाठीकडं बघत होत्या. एकदम आत गेल्या आणि भाकरीचा लांब चिमटा घेऊन बाहेर आल्या.

"थांब रं," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या.

गाडीमागं उकिडव्या बसल्या. सरांनी नऊ रविवार जपलेल्या त्या लखलखीत सायलेन्सरच्या तोंडात त्यांनी चिमटा घातला, मुठीपर्यंत आत सारला आणि ओढलं. हिरव्या लुगड्याची चिंधी बाहेर यायला लागली. एक वीत, हातभर, दोन हात. काळीकुट्ट, पण आक्कांच्या लुगड्याचा काठ ओळखू येत होता.

सर पायरीवर खाली बसले.

आबा वळले होते. त्यांनी चिंधीकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं, आपल्या मोडून जुळलेल्या पायाकडं बघितलं. मग काठी बापूच्या हातात दिली, गाडीवर बसले आणि किक मारली.

एकाच किकमध्ये! काळा धूर, मोठा आवाज, म्हशीनं पुन्हा दावं तोडलं, भंगारवाल्यानं टाळ्या वाजवल्या. बापूनं धावत जाऊन हार घातला, गडबडीत अर्धा गाडीला आणि अर्धा आबांच्या गळ्यात.

आवाजावर आवाज काढून आबा आक्कांना म्हणाले, "देवळापातूर जाऊन येतो. बसतीस काय मागं?"

आक्कांनी चिंधी झटकली, नीट घडी घातली आणि कमरेला खोचली.

"बसती की," त्या म्हणाल्या, "पर ही संगट घेती."