काळे चौकोन

माझ्या बायकोच्या छातीतून काढलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर ठेवून यंत्र तो तपासत होतं. गाठ वाईट आहे हे कळलं होतं; ती किती पसरली आहे, तेवढंच कळायचं राहिलं होतं. प्रयोगशाळेत काम करणारी माझी भाची मुग्धा म्हणाली, "मामी, बघायचंच असेल तर बस. काप मोठा आहे, यंत्र एकेक चौकोन टिपत जाईल."

बायको बसली, म्हणून मीही बसलो.

काळ्या पडद्यावर एका कोपऱ्यात हिरवे ठिपके उजळले. शेजारच्या चौकोनात आणखी. शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजलाही 'वा' म्हणणारा मी माणूस. तोंडातून गेलंच, "वा! काय सुंदर!"

मुग्धा पडद्याकडेच बघत हळूच म्हणाली, "मामा, हा रंग फक्त वाईट पेशींनाच चिकटतो."

उजेड म्हणजे चांगलं, हे आपल्यात किती मुरलेलं असतं! दिवा लावला की हात आपोआप जोडले जातात. आणि इथे मी खुर्चीच्या कडेवर बसून विनवत होतो, बाबा रे, उजळू नकोस.

"अहो," बायको नजर न हलवता म्हणाली, "आता काळा चौकोन आला की वा म्हणा."

अर्धा काप अजून बाकी होता. यंत्र पुढे सरकलं, तसा तिनं माझा हात धरला. पुढचा चौकोन भरत आला आणि काळाच राहिला. माझा आवाज फुटेना.

मग तीच पुटपुटली, "वा."