हौसाने पाठ करून पाहिलेलं ग्रहण

आमच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखते ती हौसा. तिचं घर तिच्या डोळ्यांवर चालतं. म्हणून सूर्यग्रहणाच्या सकाळी माझी नात निशिगंधा रोह्याहून काळे चष्मे घेऊन आली, तरी हौसा आतच बसली.

"घाल गो मावशी, यातून काय होत नाय."

"माझे डोळे गेले तर शंभर गणपती आंधळे राहतील. तू बघ."

पण मान सारखी दाराकडे.

ग्रहणात रांधायचं नाय, पण तांदूळ चाळायला कोण अडवतो? मी पत्र्याची चाळण उचलून दारात आले. नुकतंच ग्रहण लागलं होतं. चाळणीतून ऊन आत पांढऱ्या, कच्च्या मूर्तींवर पडलं, आणि त्यातला एकेक ठिपका कडेला कुरतडलेल्या भाकरीसारखा!

"आजी, हलू नको! ठिपक्याठिपक्यात सूर्यच उतरलाय!" निशिगंधा ओरडली.

मग काय, माझा खांब झाला. हौसा सूर्याकडे पाठ करून मूर्तींसमोर बसली. ठिपक्यांच्या कोरी झाल्या, पुन्हा भरत गेल्या. माझे हात भरून आले.

"हौसे, बास की!"

"सुटू दे पुरतं."

ठिपके गोल झाले, तेव्हा कुठे उठली. स्वतःचे डोळे धुतले आणि ब्रश घेऊन गणपतीचे आखायला बसली.